दहावीचा विज्ञानाचा पेपर बदलतोय, मग वर्गात काय बदलायचं?

गोव्यात २०२४-२५ साली नववीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि २०२५-२६ मध्ये तीच मुलं दहावीला आली. त्याच सुमारास शाळेचं वर्षही जूनची वाट न पाहता एप्रिलमध्ये सुरू होऊ लागलं. पालकसभांत या दोन्ही गोष्टींवर भरपूर बोललं गेलं, पण बोलणं विषय किती वाढले आणि एप्रिलच्या उकाड्यात मुलांचे हाल किती, यापाशीच थांबलं. विज्ञानाच्या तासाला नेमकं काय वेगळं करायचं, हा प्रश्न तसाच राहिला. मी फोंडा तालुक्यात माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. हे लिहितेय ते पालकांसाठी, आणि नुकतेच शिकवायला लागलेल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी.

आधी बदल कुठे झालाय ते पाहू. आपल्याकडे दहावीला विज्ञानासाठी एनसीईआरटीचं, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचं, पाठ्यपुस्तक वापरतात. एनसीईआरटीने २०२२-२३ मध्ये कोविडनंतरचा भार कमी करायचा म्हणून पुस्तकं छाटली. दहावीच्या विज्ञानाचे सोळा धडे होते, त्यांचे तेरा झाले. मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा, म्हणजे आवर्त सारणीचा धडा गेला. ऊर्जेचे स्रोत गेले, नैसर्गिक साधनसंपत्तीचं व्यवस्थापन गेलं. आनुवंशिकतेच्या धड्यातला उत्क्रांतीचा भाग गेला. चुंबकीय परिणामांच्या धड्यातून विद्युत मोटर, विद्युत चुंबकीय प्रवर्तन आणि जनित्र गेलं. दिसायला भार हलका झाला, आणि म्हणून अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला.

दुसरा बदल पुस्तकात दिसत नाही, तो प्रश्नपत्रिकेत दिसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि त्यापाठोपाठ २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने परीक्षेबद्दल एक गोष्ट स्पष्ट म्हटली आहे: मुलाला किती आठवतं यापेक्षा त्याला जे येतं ते तो वापरू शकतो का, हे तपासा. देशभरातल्या मंडळांचं मूल्यमापन एका पातळीवर आणण्यासाठी एनसीईआरटीत ‘परख’ नावाचं केंद्रही २०२३ मध्येच सुरू झालं. जे येतं ते वापरता येतं का, हे तपासणाऱ्या प्रश्नांना क्षमताधारित प्रश्न म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट समजायला अजिबात जड नाही. पुस्तकात न आलेला प्रसंग द्यायचा आणि पुस्तकातलं तत्त्व त्याला लावायला सांगायचं, एवढंच.

एक उदाहरण जरा सावकाश पाहू.

जुना प्रश्न असा असायचा: गंजणं म्हणजे काय? लोखंड गंजण्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी लिहा. उत्तर ठरलेलं, हवा आणि पाणी. दोन गुण.

आता हाच धडा असा येऊ शकतो: कळंगुटला समुद्राजवळच्या एका घराची लोखंडी ग्रिल दोन पावसाळ्यांत गंजून गेली. त्याच फॅब्रिकेटरने त्याच वर्षी, त्याच लोखंडाची आणि त्याच रंगाची ग्रिल फोंड्याच्या एका घराला बसवली होती, ती त्या मानाने बरी राहिली. या फरकाचं एक संभाव्य कारण सांगा. ते कारण बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी प्रयोग सुचवा. प्रयोगात कोणत्या गोष्टी सारख्या ठेवाल?

पुस्तकात गंजण्याचा तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग आहे. पहिल्या नळीत खिळे, पाणी आणि हवा. दुसरीत उकळून हवा काढून टाकलेलं पाणी आणि वरून तेलाचा थर. तिसरीत ओलावा शोषून घेणारं निर्जल कॅल्शिअम क्लोराइड. मुलांना हा प्रयोग आकृतीसकट पाठ असतो. पण वरच्या प्रश्नाला त्यांनी हाच प्रयोग जसाच्या तसा लिहिला, तर प्रयोग आखण्याचे गुण मिळणार नाहीत. कळंगुटला हवा आहे, पाणी आहे, तसं ते फोंड्यालाही आहे. फरक आहे तो खाऱ्या वाऱ्याचा. मिठामुळे लोखंडावरच्या पाण्याच्या थरातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. म्हणजे तपासायचं आहे मीठ. दोन नळ्या घ्यायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. खिळे एकाच पुडीतले, सारखे घासलेले. पाणी तेवढंच, दिवस तेवढेच, जागा तीच.

हे उत्तर मुलाला सुचावं यासाठी वर्गात काय करायचं? तीन नळ्यांचा प्रयोग करायचाच, पण तो सांगून संपवायचा नाही. दुसऱ्या नळीकडे बोट दाखवून विचारायचं, इथे आपण काय काढून घेतलं? हवा. तिसरीत? पाणी. मग पहिली कशाला ठेवली? इथे वर्ग हमखास थोडा वेळ गप्प होतो, आणि मग कुणीतरी म्हणतं की तुलना करायला. हे एकदा मुलाच्या तोंडून आलं की पुढचा प्रश्न सोपा जातो: मिठाचा परिणाम बघायचा असेल तर चौथी नळी कशी लावाल? माझ्या मते दहावीच्या विज्ञानात एकच कौशल्य मनापासून शिकवायचं ठरवलं, तर ते हेच असावं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. ते जमलं की प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग, ओहमचा नियम, विकरांची (एन्झाइमांची) क्रिया, सगळीकडे तेच उपयोगी पडतं.

विधान आणि कारण या प्रकारच्या प्रश्नांत मुलं वेगळ्या तऱ्हेने अडखळतात. दोन वाक्यं दिलेली असतात. दोन्ही खरी आहेत का आणि दुसरं पहिल्याचं कारण आहे का, हे ठरवायचं असतं. मी वर्गात देते तो नमुना असा. विधान: काळवंडलेलं तांब्याचं भांडं चिंचेने घासलं की चकाकतं. कारण: तांबं हायड्रोजनपेक्षा कमी क्रियाशील आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत. म्हणून मुलं पटकन ‘दोन्ही खरी आणि कारण योग्य’ यावर खूण करतात. पण भांडं चकाकतं ते चिंचेतलं आम्ल तांब्यावर साचलेल्या ऑक्साइड आणि कार्बोनेटच्या थराला विरघळवून टाकतं म्हणून. तांब्याच्या कमी क्रियाशीलतेमुळे कळतं ते एवढंच की थर निघाल्यावर आम्ल खालच्या धातूला का खात नाही. म्हणजे ते एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. मुलांना सांगावं, दोन वाक्यांच्या मध्ये ‘कारण’ हा शब्द घालून मोठ्याने वाचा आणि आपल्या कानाला पटतंय का बघा. ही सवय लागायला वेळ जातो, पण एकदा लागली की सुटत नाही.

आता एप्रिलच्या सुरुवातीबद्दल. उकाड्याची तक्रार खरी आहे आणि जिथे वर्गात धड पंखे नाहीत तिथे ती फारच खरी आहे. तरी विज्ञानाच्या शिक्षकाला या वेळापत्रकाने एक गोष्ट दिली आहे, ती आपण घ्यायला हवी. दहावीचे पहिले दोन धडे रासायनिक अभिक्रिया आणि आम्ल, आम्लारी व क्षार हे आहेत. आणि एप्रिल-मे हा गोव्यात भिरंडांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची तेव्हा आम्लांचा धडा लिटमस कागदाच्या पट्टीवर भागवावा लागे. आता मुलांना घरून चार पिकलेली भिरंडं आणायला सांगता येतात. बहुतेक घरांच्या अंगणात सोलं, म्हणजे भिरंडांच्या साली, सुकत घातलेलीच असतात.

ताज्या सोलांचं लालभडक पाणी गाळून घ्यायचं. तीन पेल्यांत सारखं ओतायचं. एक तसंच ठेवायचं, दुसऱ्यात लिंबू पिळायचं, तिसऱ्यात खाण्याच्या सोड्याचं पाणी थेंब थेंब घालायचं. लिंबाच्या पेल्यातला लाल रंग तसाच टिकतो. सोड्याच्या पेल्यात आधी फसफस होते, मग लाल रंग मळकट होत जांभळट आणि पुढे हिरवटपणाकडे झुकतो. एवढ्या एका प्रयोगात धड्याचे तीन भाग येतात. सोलांतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य नैसर्गिक दर्शक आहे, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंगावरून दाखवतं. फसफस ही आम्ल आणि सोड्यातलं हायड्रोजन कार्बोनेट यांच्यातल्या अभिक्रियेतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. आणि रंग बदलायला किती थेंब लागले हे मोजलं की उदासिनीकरण, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा परिणाम कसा घालवतात ते, समजतं. पातळ पाण्याला थोडे थेंब, घट्ट पाण्याला जास्त. थेंब मोजून केलेली नोंद वहीत कोष्टकात लिहायची, कारण परीक्षेत अशीच कोष्टकं येतात आणि मुलं कोष्टक पाहिलं की घाबरतात. स्वतः भरलेलं कोष्टक पाहून घाबरायचं कारण उरत नाही.

त्याच दिवसांत मिठागरांतही काम चालू असतं. आगरवाडा, हडफडे, नेरूल, रायबंदर, यांतलं जवळचं कुठलं मिठागर पावसापूर्वी दाखवता आलं तर जरूर दाखवावं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी एका कोंडीतून दुसरीत नेत नेत दाट होतं आणि शेवटच्या कोंडीत मीठ धरतं. पुस्तकात मीठ हे कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि ब्लिचिंग पावडर यांचा कच्चा माल म्हणून येतं. ज्याने मीठ तयार होताना पाहिलंय, त्याला या साखळीची सुरुवात कुठे होते ते सांगावं लागत नाही.

हंगामाप्रमाणे धडे लावायचं हेच सूत्र वर्षभर चालवता येतं. घटक चाचणीचा आणि सत्राचा पोरशन ठरलेला असतो, त्याच्या मर्यादेत राहूनही बरीच मोकळीक मिळते. जुलैत पावावर बुरशी दोन-तीन दिवसांत येते, पानफुटीच्या पानाच्या कडेला कोंब फुटतात, कुंपणावर जासवंद फुललेली असते. सजीव प्रजनन कसे करतात हा धडा तेव्हा घ्यावा. जैविक विघटनासाठी केळीचं पान आणि प्लास्टिकची पिशवी एकाच वाफ्यात पुरायला पावसाळाच हवा. गंजण्याच्या नळ्याही जूनमध्येच लावाव्यात. उलट आरसे आणि भिंगांचे प्रयोग पावसात काढण्यात अर्थ नाही. अंतर्वक्र आरशाने दूरच्या वस्तूची प्रतिमा कागदावर घ्यायची, बहिर्वक्र भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूत आणायचे, यासाठी स्वच्छ ऊन लागतं आणि ते आपल्याकडे ऑक्टोबरशिवाय भरवशाचं नाही. सूर्याकडे भिंगातून बघायचं नाही, हे मात्र दर वेळी सांगायचं.

धातूंच्या धड्याला डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या मुलांकडे आधीच बरंच काही असतं. खनिज धुऊन त्यातली माती वेगळी करणारे प्लांट त्यांनी पाहिलेले असतात. पुस्तकातलं धातुकांचं संहतीकरण म्हणजे तेच काम. हेमेटाइट हे लोहाचं ऑक्साइड आहे आणि आपल्या मातीचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडांमुळेच, हे जोडून सांगितलं की मुलांना विषय परका वाटत नाही.

विजेचा धडा गणितं सोडवून संपवला जातो, हे मला फार खटकतं. खरं तर घरात बघायला सांगण्यासारखं सगळ्यात जास्त या धड्यातच आहे. मुलांना घरच्या गिझरवरचं लेबल वाचून यायला सांगावं, फक्त वाचायचं, ओल्या हाताने काही हाताळायचं नाही. समजा लेबलवर २००० वॅट लिहिलंय. पुरवठा २३० व्होल्टचा. शक्तीला विभवांतराने भागलं की विद्युतधारा मिळते: २००० भागिले २३०, म्हणजे जवळपास ८.७ अँपिअर. आता भिंतीवरचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं आणि मोठं १६ चं. गिझरची पिन लहान सॉकेटला का लावत नाहीत, ते मुलगा स्वतःच सांगतो. मग एक पायरी पुढे जायचं. धारा जास्त झाली की वायर का तापते? कारण निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर त्याच वायरीत तेवढ्याच वेळात उष्णता चौपट. शॉर्ट सर्किटची बातमी वाचताना हे सूत्र आठवलं पाहिजे. ७५ वॅटचा पंखा रोज ८ तास चालवला तर ३० दिवसांत १८ युनिटं होतात, हे काढून वीजबिलाशी ताडून बघणं हाही उत्तम गृहपाठ आहे.

वगळलेल्या भागांकडे आता परत येते, कारण तिथे निर्णय शिक्षकालाच घ्यावा लागतो. एखादा भाग परीक्षेत येणार की नाही, यासाठी मंडळाने त्या वर्षीसाठी काढलेला आराखडाच पाहायचा. गाइड किंवा मागच्या वर्षीच्या नोट्स पाहायच्या नाहीत. परीक्षेत नसलेलं शिकवायचं का, हा वेगळा प्रश्न, आणि माझं उत्तर काही ठिकाणी ठाम ‘हो’ असं आहे. आवर्त सारणी गेली, पण संयुजा गेलेली नाही. सोडिअम एक इलेक्ट्रॉन का देतो, क्लोरीन एक का घेतो, कार्बन चार बंध का करतो, यावर उरलेले रसायनाचे चारही धडे उभे आहेत. सारणीचा तक्ता भिंतीवर लावून दोन तास दिले तर पुढचे कितीतरी तास वाचतात. विद्युत मोटरचंही तसंच. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेवर बल लागतं आणि त्याची दिशा फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने काढतात, हे पुस्तकात आहेच. तिथपर्यंत आलोच आहोत तर घरातला पंखा याच बलावर फिरतो, हे सांगायला दहा मिनिटं पुरतात.

उत्क्रांतीबद्दल मला जास्त वाईट वाटतं. ती पुढे बारावीच्या जीवशास्त्रात आहे, असं सांगितलं जातं. पण दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा आयटीआयकडे जाणाऱ्या मुलांच्या हाती बारावीचं जीवशास्त्र कधीच पडणार नाही. २०२३ मध्ये देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी या वगळण्याविरुद्ध जाहीर पत्र काढलं, ते याच काळजीपोटी. मेंडेलचे वाटाणे शिकवताना एवढं तरी सांगावं की गुणधर्मांत फरक पडतात, ते पुढच्या पिढीत जातात, आणि ज्या फरकामुळे टिकून राहायला मदत होते तो हळूहळू पसरतो. डार्विनचं नाव मुलांच्या कानावर पडायलाच हवं.

पाठांतराविषयी दोन शब्द, कारण नव्या धोरणाच्या उत्साहात ते उगाच बदनाम झालंय. संयुजा, मुख्य मूलद्रव्यांची चिन्हं, क्रियाशीलतेची श्रेणी, सूत्रं, हृदयाची आणि मूत्रपिंडातल्या वृक्काणूची (नेफ्रॉनची) आकृती, हे पाठच हवं. जे डोक्यात नाही ते वापरणार कसं? फक्त तो मुक्काम न धरता पहिला टप्पा धरायचा.

भाषेची अडचणही लपवण्यात अर्थ नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतली कितीतरी मुलं मराठी प्राथमिक शाळेतून येतात आणि पाचवीपासून इंग्रजीत विज्ञान शिकतात. पूर्वी व्याख्या पाठ करून वेळ निभावता येत असे. आता पाच-सहा ओळींचा प्रसंग वाचून समजून घ्यायचा आणि मग स्वतःच्या वाक्यात उत्तर लिहायचं, हे या मुलांना दुप्पट कठीण जातं. मी प्रसंग आधी मोठ्याने वाचते, त्यावर मराठीत किंवा कोंकणीत मनमोकळं बोलू देते, आणि उत्तर तोंडी पक्कं झालं की मगच इंग्रजीत लिहायला लावते. लिहिताना वाक्यं लहान ठेवायची. वर्षाच्या सुरुवातीला यात वेळ जातो असं वाटेल, पण ज्याला उत्तर माहीत आहे आणि केवळ प्रश्न न कळल्यामुळे ज्याचे गुण जातात, अशा मुलासाठी तो वेळ द्यायलाच हवा.

आणि सगळ्यात आधी शाळेतल्या आपल्या चाचण्या बदलायला हव्यात. वर्षभर ‘व्याख्या लिहा’ विचारायचं आणि मार्चमध्ये मुलांसमोर एकदम कळंगुटची ग्रिल ठेवायची, हे अन्यायाचं आहे. २० गुणांच्या घटक चाचणीत साधारण ८ गुण थेट आठवणीचे, ८ ओळखीच्या प्रसंगात वापरण्याचे आणि ४ अगदी नव्या प्रसंगाचे, अशी विभागणी मला योग्य वाटते. सुरुवातीला त्या चार गुणांना वर्गातली बहुतेक मुलं हातच लावत नाहीत. पेपर परत देताना त्याच चार गुणांवर अख्खा तास घालवावा.

तपासतानाही हात थोडा मोकळा सोडावा लागतो. ग्रिल वाचवायला काय कराल, या प्रश्नाला आदर्श उत्तरात ‘रंग देणे, जस्तविलेपन करणे’ लिहिलेलं असतं. एखादी मुलगी लिहिते, दर आठवड्याला गोड्या पाण्याने ग्रिल धुऊन कोरडी पुसू, म्हणजे मीठ साचणार नाही. हे आदर्श उत्तरात नाही, तरी शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे आणि तिने कारणही दिलंय. तिला पूर्ण गुण द्यायचे. दुसरा मुलगा लिहितो, लोखंडाऐवजी ॲल्युमिनिअमची ग्रिल लावू, कारण त्यावर ऑक्साइडचा पक्का थर बसतो आणि तो आतल्या धातूला राखतो. प्रश्न लोखंडाची ग्रिल वाचवण्याचा होता, म्हणून सगळे गुण देता येणार नाहीत, पण थराचं कारण त्याने अचूक लिहिलंय, त्याचे गुण द्यायचे आणि बाजूला दोन ओळींत तसं लिहूनही द्यायचं.